पियुषिकेतली बुरशी : रोग विरळा, चुका ठरलेल्या

पियुषिका (पिट्यूटरी) ग्रंथीत बुरशी असेल असे मनात धरून सहसा कुणी शस्त्रक्रियेला उभे राहत नाही. न्यूरोसर्जन जातो तो गाठ काढायला. एमआरआयच्या अहवालात 'ॲडेनोमा' असे लिहिलेले असते. रुग्णाचे डोके महिनोन्महिने दुखत असते, नजर अंधुक झालेली असते, आणि पियुषिकेच्या साध्या गाठीतही नेमके हेच होते. नाकातून दुर्बीण आत सरकते, हाडाचा पातळ पापुद्रा उघडतो आणि मऊ गाठीऐवजी चिवट, तंतुमय ऊतक तरी हाती लागते, नाहीतर पू. पुढच्या दहा मिनिटांत त्या खोलीत कोण काय करते, यावर रुग्णाचे पुढचे वर्ष ठरते.

जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत या संसर्गाच्या नोंदी डझनांत मोजाव्यात इतक्याच आहेत. बहुतेक एकेका रुग्णाच्या हकिकती. एक औषध दुसऱ्याशी ताडून पाहणारी मोठी चाचणी या रोगात झालेली नाही. एवढ्या रुग्णांवर ती होणारही नाही. त्यामुळे या विषयाचा आढावा घ्यायचा म्हणजे सुट्या हकिकती शेजारी शेजारी मांडून वाचायच्या. तशा वाचल्या की एक गोष्ट लख्ख दिसते. रोग विरळा असला तरी त्यात होणाऱ्या चुका ठरलेल्या जागीच होतात, आणि त्यांतल्या बऱ्याचशा टाळता येतात.

वाटाण्याएवढी ग्रंथी आणि तिचा शेजार

पियुषिका जेमतेम वाटाण्याएवढी, वजन सुमारे अर्धा ग्रॅम. तिच्या पुढच्या भागातून वाढीचे आणि दूध तयार करवणारे संप्रेरक निघते. थायरॉइड, ॲड्रिनल आणि जननग्रंथी यांना कामाला लावणारी संप्रेरकेही तिथूनच. मागच्या भागातून व्हॅसोप्रेसिन आणि ऑक्सिटोसिन रक्तात उतरतात. व्हॅसोप्रेसिन कमी पडले की मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवता येत नाही. रुग्ण दिवसाला कित्येक लिटर लघवी करतो आणि रात्री पाण्याचा तांब्या उशाशी घेऊन झोपतो. याला मराठीत उदकमेह म्हणतात. मधुमेहाशी त्याचे नाते फक्त नावापुरते. हा घोळ मिटावा म्हणून २०२२ साली तज्ज्ञांच्या संघटनांनी त्याच्या इंग्रजी नावातला 'डायबेटिस' हा शब्द काढून 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता' असे सरळ नाव सुचवले.

ग्रंथी बसलेली असते कवटीच्या तळाशी, स्फेनॉइड हाडातल्या खळग्यात. खळग्याचा आकार पाहून जुन्या शरीररचनाशास्त्रज्ञांनी त्याला 'तुर्की खोगीर' म्हटले. खोगिराच्या खाली स्फेनॉइड सायनस ही हवेची पोकळी असते. दोन्ही बाजूंना कॅव्हर्नस सायनस या शिरांच्या पोकळ्या असतात. मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी आणि डोळा फिरवणाऱ्या नसा त्यांतूनच जातात. वर, अगदी डोक्यावर, दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिनसा एकमेकींना ओलांडतात. हा शेजार लक्षात घेतला की लक्षणे पाठ करावी लागत नाहीत. वर दाब आला की दोन्ही बाजूंच्या कडेचे दिसेनासे होते. बाजूला पसरले की एकाचे दोन दिसतात, पापणी पडते. धमनीच्या भिंतीत बुरशी शिरली तर भिंत फुगते, फुटते किंवा रक्त गोठून अर्धांग होते. या रोगातले अचानक मृत्यू बहुधा इथे होतात.

बुरशी तिथवर पोहोचते कशी

सगळ्यांत वापरातला रस्ता खालचा. नाकातून सायनसमध्ये, आणि तिथून हाडाचा पापुद्रा कुरतडून खोगिरात. दुसरा रस्ता रक्ताचा; फुफ्फुसातला किंवा हृदयाच्या झडपेवरचा संसर्ग रक्तातून येऊन बसतो. तिसरा रस्ता आपणच केलेला असतो : आधीची शस्त्रक्रिया. शिवाय पियुषिकेत आधीच ॲडेनोमा किंवा रॅथके पुटी (द्रवाने भरलेली जन्मजात पिशवी) असेल, तर त्या बिघडलेल्या ऊतकात संसर्गाला घर करणे सोपे जाते.

नोंदींत सर्वाधिक आढळते ती ॲस्परजिलस. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिकेली यांनी १७२९ साली तिला हे नाव दिले. ते स्वतः धर्मगुरू होते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचा झुबका त्यांना चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या कुंचल्यासारखा दिसला. तिचे बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचे असतात. कुजलेल्या पालापाचोळ्यातून, धान्याच्या कोठारातून, बांधकामाच्या धुळीतून ते उडतात आणि आपण सगळेच ते रोज श्वासातून आत घेतो. शरीर त्यांचा बंदोबस्त करते. मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडे, रक्ताचा कर्करोग किंवा अवयवरोपणानंतरची औषधे यांनी तो बंदोबस्त ढिला पडतो.

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तके इथे थांबतात. आपल्याकडे मात्र एक पान जास्तीचे लागते. सुदान, सौदी अरेबिया, पाकिस्तान आणि भारत या उष्ण, कोरड्या, धुळीच्या पट्ट्यात सायनसमधल्या बुरशीचा एक संथ प्रकार धडधाकट माणसांनाही होतो. कारण बहुधा ॲस्परजिलस फ्लेव्हस. बुरशीभोवती शरीर गाठीसारखी कणार्बुदे उभी करते, म्हणून त्याला कणार्बुदी प्रकार म्हणतात. चंडीगडच्या पीजीआयमधले तेव्हाचे बुरशीतज्ज्ञ अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांच्या आंतरराष्ट्रीय सहकाऱ्यांनी २००९ साली सायनसच्या बुरशीरोगांची जी वर्गवारी मांडली, तिच्यात या प्रकाराला स्वतंत्र जागा आहे. तेव्हा 'रुग्णाला मधुमेह नाही, प्रतिकारशक्ती चांगली आहे, मग बुरशी कशी असेल' हा युक्तिवाद भारतात टिकत नाही. पहिली ठरलेली चूक ही.

कोणकोणत्या बुरश्या

ॲस्परजिलसनंतर आठवण होते ती म्युकरची. कोविडच्या दुसऱ्या लाटेने हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचवला. मे २०२१ मध्ये केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदवण्याजोगा ठरवायला सांगितले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. रुग्णांची संख्या सर्वाधिक महाराष्ट्रात आणि त्याखालोखाल गुजरातेत होती. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडांचा सढळ वापर, हे दोन धागे त्या साथीत पुन्हा पुन्हा दिसले. नाक, डोळा, मेंदू या वाटेने चढताना म्युकर कॅव्हर्नस सायनसमध्ये शिरते. क्वचित पियुषिकेतही, आणि तिथे रक्तवाहिन्या बुजवून ग्रंथीचा भागच मारते. ॲस्परजिलस महिने घेते, म्युकर दिवसांत उरकते.

बाकीच्या नोंदी तुरळक. कॅन्डिडाची गळवे आढळली आहेत. क्रिप्टोकॉकस मुख्यतः मेंदूच्या आवरणांचा दाह करते आणि ग्रंथीला ओझरती लागते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य वाळवंटातली कॉक्सिडिऑइडिस, तसेच हिस्टोप्लाझ्मा आणि ब्लास्टोमायसिस यांचीही नावे यादीत आहेत. एड्सच्या सुरुवातीच्या वर्षांत शवविच्छेदनात पियुषिकेत न्यूमोसिस्टिस सापडल्याच्या नोंदी आहेत. हिस्टोप्लाझ्मा संप्रेरकांच्या दुनियेत खरी घुसते ती ॲड्रिनलमध्ये, आणि हा प्रकार भारतातही चांगला ओळखीचा आहे.

गाठीचे सोंग

पियुषिकेतल्या गळवाचे पहिले वर्णन साधारणपणे हॅम्बुर्गचे रोगनिदानतज्ज्ञ मॉरिस सिमंड्स यांच्या नावे, १९१४ सालचे, सांगतात. तेव्हापासून हा रोग फसवतच आला आहे. पियुषिकेच्या सर्व विकारांत गळवांचे प्रमाण शेकडा एकापेक्षा कमी भरते. बीजिंगच्या पेकिंग युनियन रुग्णालयाचे पियुषिका केंद्र जगातल्या मोठ्या केंद्रांपैकी एक. तिथे २३ वर्षांत अशी ६६ गळवे नोंदली गेली. गळवात जंतू सापडला, तर तो बहुधा जिवाणूच. बुरशीचे गळू म्हणजे विरळ्यातले विरळे.

फसण्याची कारणे साधी आहेत. ताप बहुधा नसतोच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या नसतात. एमआरआयमध्ये कडेला उजळ कडे आणि मध्ये पोकळी दिसते, पण रॅथके पुटीतही तसे दिसू शकते आणि आतून सडलेल्या ॲडेनोमातही. रक्तात बुरशीचे अंश शोधणाऱ्या गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-ग्लुकॅन या चाचण्या एका जागी कोंडलेल्या संसर्गात अनेकदा नकारात्मक येतात. म्युकरमध्ये तर त्या सकारात्मक येणारच नाहीत, कारण त्यांना हवा तो घटक म्युकरच्या भिंतीत पुरेसा नसतो.

तरीही खुणा असतात. ॲडेनोमा कितीही मोठा झाला तरी शस्त्रक्रियेआधी उदकमेह क्वचितच करतो. दाहाच्या आणि संसर्गाच्या रोगांत तो बऱ्याचदा दिसतो. त्यामुळे 'गाठ' असलेल्या रुग्णाला रात्री चार-पाच वेळा उठून पाणी प्यावे लागत असेल, तर गाठीवरच शंका घ्यावी. गाठ लहान आणि पापणी पडलेली, ही दुसरी विसंगती. तिसरी खूण खालच्या मजल्यावर सापडते. स्फेनॉइड सायनस भरलेला असेल, सीटी स्कॅनमध्ये त्यात दाट पांढरे ठिपके असतील, हाड कुरतडलेले असेल आणि एमआरआयच्या टी-२ चित्रात तोच भाग काळा दिसत असेल, तर बुरशीचा विचार झालाच पाहिजे. बुरशी लोह आणि मँगनीज साठवते, म्हणून ती तिथे काळी दिसते. घाईत वाचणाऱ्याला हाच काळेपणा 'सायनस रिकामा' असा भासतो. खोगिराकडे पाहताना सायनसकडे न पाहणे ही दुसरी ठरलेली चूक.

ट्रेमधला तुकडा

१९०७ साली इन्सब्रुकच्या श्लोफर यांनी नाकाच्या वाटेने पियुषिकेवर पहिली शस्त्रक्रिया केली. शतकभराने तोच रस्ता, आता दुर्बिणीसह, या संसर्गातही पहिल्या पसंतीचा आहे. कवटी उघडून वरून गेले तर मेंदूभोवतीच्या द्रवात संसर्ग सांडण्याची भीती असते; खालून गेले की पू खालीच उतरतो, सायनसही साफ होतो. ग्रंथीची आवरणे शक्यतो फाडायची नाहीत.

आता सुरुवातीची ती दहा मिनिटे. ट्रेमध्ये तुकडा आहे. गाठ समजून सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला, तर बुरशी तिथेच मरते आणि तिची लागवड करता येत नाही. पॅथॉलॉजिस्टला धागे दिसतील, पण ती कोणती, कुठल्या औषधाला बधणारी, हे कळायचा मार्ग बंद होतो. अर्धा तुकडा सलाईनमध्ये घालून मायक्रोबायॉलॉजीकडे लगेच पाठवला, तर पोटॅशच्या थेंबाखाली काही मिनिटांत धागे दिसतात. सडपातळ, आडवे पडदे असलेले आणि लघुकोनात फाटे फुटणारे धागे ॲस्परजिलसकडे बोट दाखवतात. रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटणारे धागे म्युकरकडे. म्युकरचे धागे नाजूक, तुकडा कुटला की मरतात, म्हणून प्रयोगशाळेला संशय आधीच कळवावा लागतो. पॅथॉलॉजीत चांदीच्या अभिरंजनाने धागे काळे उठून दिसतात. साध्या अभिरंजनात ते नजरेतून निसटतात.

नाव कळण्याला एवढे महत्त्व का? फ्लुकोनाझोल ॲस्परजिलसवर चालत नाही. व्होरिकोनाझोल ॲस्परजिलसवर उत्तम, पण म्युकरवर निरुपयोगी. निव्वळ 'बुरशी आढळली' एवढ्या अहवालावर औषध निवडणे म्हणजे नाणे उडवणे.

भारतात या टेबलावर आणखी एक सापळा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली कणार्बुद दिसले की आपला हात आधी क्षयरोगाच्या औषधांकडे जातो. खोगिरातला क्षयरोग आपल्याकडे खरोखर होतो, त्यामुळे संशय गैर नाही. पण बुरशीचे खास अभिरंजन न करता क्षयाचे उपचार सुरू झाले, सूज उतरावी म्हणून सोबत स्टेरॉइडही दिले, की डोकेदुखी आठवडाभर पळते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. ही तिसरी चूक, सगळ्यांत महागडी.

मातीतून आलेली औषधे

बुरशीवरच्या औषधांचा इतिहासही मातीतला आहे. ॲम्फोटेरिसिन बी १९५० च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिसपासून मिळाले. त्याच कुळातले हॅमायसिन सापडले आपल्या पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या प्रयोगशाळेत, एम. जे. तिरुमलाचार यांच्या संशोधनातून. ते बनवणाऱ्या जिवाणूचे नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. मेंदूच्या संसर्गात हॅमायसिन कामी आले नाही, ते वरवरच्या बुरशीपुरते राहिले. २०२१ मध्ये ॲम्फोटेरिसिनसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांत फिरत होते, तेव्हा वर्ध्यात त्याचे इमल्शन इंजेक्शन बनू लागले.

पियुषिकेपुरते बोलायचे तर १९८१ साली नाकातून शस्त्रक्रिया आणि पाठोपाठ ॲम्फोटेरिसिन व फ्लुसायटोसिन देऊन बरा झालेला ॲस्परजिलसचा रुग्ण नोंदला गेला. नुसत्या औषधाने किंवा नुसत्या चाकूने भागत नाही, दोन्ही लागतात, हा धडा तेव्हापासून पक्का आहे. मोठा बदल २००२ साली झाला. ॲस्परजिलसच्या खोलवरच्या संसर्गात व्होरिकोनाझोल आणि ॲम्फोटेरिसिन यांची तुलना झाली. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात ७१ टक्के, दुसऱ्यात ५८ टक्के रुग्ण जिवंत होते. व्होरिकोनाझोल मेंदूत चांगले पोहोचते. मेंदूच्या ॲस्परजिलसचे जवळजवळ सगळे रुग्ण पूर्वी दगावत. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ८१ रुग्णांच्या अभ्यासात व्होरिकोनाझोलने ३५ टक्के रुग्णांत गुण आला. खोगिरातच कोंडलेला आणि वेळीच निचरा झालेला संसर्ग याहून बरा वागतो. उपचार मात्र आठवड्यांचे नसतात, महिन्यांचे असतात.

व्होरिकोनाझोलची मात्रा सगळ्यांना सारखी लागू पडत नाही. ते पचवणारे यकृतातले विकर काहींत जन्मतःच मंद असते, आणि असे लोक आशियात जास्त. म्हणून रक्तातली पातळी मोजत राहावे लागते. म्युकरसाठी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन, नंतर पोसाकोनाझोल किंवा इसावुकोनाझोल.

औषधे आणि संप्रेरकांची गुंतागुंत

इतर ठिकाणच्या बुरशीत नसलेला भाग इथे आहे. औषध मारते बुरशीला, पण वाटेत संप्रेरकांना धक्के देत जाते.

क्षयरोगावरचे रिफाम्पिसिन यकृतातली विकरे चेतवते. त्यामुळे व्होरिकोनाझोलची रक्तातली पातळी कोसळते. ही दोन औषधे एकत्र द्यायचीच नाहीत. तेच रिफाम्पिसिन कॉर्टिसॉल हे ॲड्रिनलचे संप्रेरकही भराभर संपवते. ज्याची पियुषिका आधीच दुबळी, त्याचा रक्तदाब यामुळे एका आठवड्यात ढासळू शकतो. चुकीच्या क्षयनिदानाची किंमत अशी दुहेरी वसूल होते.

व्होरिकोनाझोलसारखी ॲझोल गटाची औषधे उलट वागतात; ती विकरे अडवतात. मग डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनची नेहमीची गोळीही शरीरात साठून जास्तीची ठरते. याच गटातले केटोकोनाझोल कॉर्टिसॉलची निर्मितीच रोखते, आणि म्हणून बुरशीचे हे जुने औषध आज कुशिंग रोगात कॉर्टिसॉल उतरवण्यासाठी वापरतात. आणि कुशिंगमध्ये चढलेल्या कॉर्टिसॉलने बुरशीच्या संसर्गाचे दार उघडते, हेही खरे.

ॲम्फोटेरिसिन पोटॅशियम घालवते आणि कधी मूत्रपिंडाला व्हॅसोप्रेसिनचे ऐकू येईनासे करते. रुग्ण पुन्हा लिटर-लिटर लघवी करू लागतो. हा पियुषिकेचा उदकमेह की औषधाने झालेला? डेस्मोप्रेसिन हे कृत्रिम व्हॅसोप्रेसिन देऊन पाहावे : पहिल्यात लघवी आवरते, दुसऱ्यात नाही. तिसरी शक्यताही असते. कॉर्टिसॉल कमी असताना उदकमेह दबून राहतो. कॉर्टिसॉलच्या भरपाईचे हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले की तो उघडा पडतो. याला औषधाचा दुष्परिणाम समजून हायड्रोकॉर्टिसोन बंद करणे धोक्याचे.

क्रमही महत्त्वाचा. कॉर्टिसॉल आणि थायरॉक्सिन दोन्ही कमी असतील, तर आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. उलट केले तर थायरॉक्सिन उरलेसुरले कॉर्टिसॉल खर्चून टाकते आणि रुग्ण कोसळतो. भरपाईपुरते हायड्रोकॉर्टिसोन बुरशीला खतपाणी घालत नाही. त्याविना रुग्ण शस्त्रक्रियेतून उठणार नाही. सूज उतरवण्यासाठी दिलेले जास्तीचे स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट. या दोहोंत गल्लत होऊ नये.

पुढे काय

डोकेदुखी जाते, नजर बऱ्याचदा सुधारते. संप्रेरके मात्र क्वचितच पूर्ववत होतात. बुरशी गेल्यावरही रुग्णाला आयुष्यभर गोळ्या लागतात, आणि ताप, जुलाब, अपघात यांत हायड्रोकॉर्टिसोनची मात्रा वाढवावी लागते, हे त्याला आणि घरच्यांना घरी जाण्याआधी नीट समजावलेले असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२२ मध्ये प्राधान्याच्या १९ रोगकारक बुरश्यांची यादी पहिल्यांदाच काढली. ॲस्परजिलस फ्युमिगाटस तिच्यात सर्वांत वरच्या गटात, म्युकरचे कुळ त्याखालच्या गटात आहे. पियुषिकेचा संसर्ग या मोठ्या चित्रातला एक लहानसा ठिपका. त्यासाठी वेगळा विभाग नको, वेगळे यंत्रही नको. रेडिऑलॉजिस्टने खोगिरासोबत सायनस पाहावा, कान-नाक-घसा तज्ज्ञ आणि एंडोक्रिनॉलॉजिस्ट शस्त्रक्रियेआधी एका खोलीत बसावेत, आणि शस्त्रक्रियांच्या यादीत 'पियुषिकेची गाठ' असेल त्या दिवशी ट्रॉलीवर फॉर्मलिनच्या बाटलीशेजारी सलाईनची एक निर्जंतुक बाटली ठेवलेली असावी.